बेबीताईंची लपवलेली वही रंगमंचावर यायलाच हवी

बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं ते फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून, नवरा बाहेर गेला की मिळेल तेवढ्या वेळात. लिहिलेले कागद त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवले. दलित साहित्यावरच्या पुस्तकांत ही हकीकत एका वाक्यात उरकलेली असते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या बायकांनी त्या एका वाक्याचं दीड तासाचं नाटक केलं, आणि त्यावरून आता जाणत्या मंडळींनी भुवया उंचावल्या आहेत.

एका अभ्यासकांनी या नाटकावर लांबलचक लेख लिहून ते थांबवण्याचा सल्ला दिला आहे. त्यांचं नाव मी इथं घेत नाही, कारण त्यांचे आक्षेप एकट्या त्यांचे नाहीत. व्याख्यानमालांच्या मंडपात, संमेलनांच्या जेवणाच्या पंगतीत, महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत मी ते वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. बेबीताईंनी स्वतः आपल्या पुस्तकात घरातली मारहाण लिहिली नाही, मग ती चव्हाट्यावर आणणारे तुम्ही कोण, हा पहिला आक्षेप. समाजाच्या गुलामगिरीचा एवढा मोठा दस्तऐवज, त्याचं तुम्ही नवरा-बायकोचं भांडण करून टाकलं, हा दुसरा. अस्सल प्रतिभेला कागद, वेळ, दिवाबत्ती यांची वाट पाहावी लागत नाही, बहिणाबाईंना कुठं लागली, हा तिसरा. आणि शेवटी, हे नाटक म्हणून उभंच राहत नाही, हौशी बायकांचा कार्यक्रम आहे, असा शेरा.

पहिला आक्षेप सगळ्यांत सभ्य दिसतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. त्यात बेबीताईंच्या संसाराबद्दल फार थोडं आहे, हे खरं. पण गोष्ट तिथं संपत नाही. माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या नावानं २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याला जोडून बेबीताईंची दीर्घ मुलाखत छापली गेली. त्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या संशयाबद्दल बोलल्या, मारहाणीबद्दल बोलल्या, लिहिलेलं का लपवावं लागलं त्याबद्दल बोलल्या. पुस्तकात हे का नाही, असं विचारल्यावर, अवतीभवतीच्या सगळ्याच बायका हेच सोसत होत्या, मग आपलंच दुःख काय सांगायचं, अशा आशयाचं त्यांनी उत्तर दिलं. २१ एप्रिल २०१२ रोजी त्या गेल्या. म्हणजे मुलाखत छापून आल्यावर त्या काही वर्षं हयात होत्या. जे त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं आणि आपल्या हयातीत छापू दिलं, ते नाटकात घेताना कोणाची परवानगी मोडली? बाईनं एकदा गप्प राहायचं ठरवलं की ते तिचं कायमचं व्रत समजायचं, आणि पुढं ती बोलली तर ते ऐकूनच घ्यायचं नाही, असा हा न्याय आहे. बेबीताईंच्या इच्छेचा मान राखायचा असेल, तर त्यांची शेवटची इच्छाही मोजावी लागेल. ती बोलण्याची होती.

आणि नाटकात मारहाण दाखवलेलीच नाही. अभ्यासकांनी प्रयोग पाहिला असेल तर हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. बायकांनी तालमीत त्यावर बरीच चर्चा केली. एक तरुण सून म्हणाली, एक तरी थप्पड दाखवू या, नाहीतर लोकांना कळायचं नाही. त्यावर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, ‘अगं, समोर बसलेल्या बायकांना काय दाखवायचंय? त्यांना माहीतच हाय.’ म्हणून प्रयोगात दाराची कडी वाजते, नवऱ्याच्या चपलांचा आवाज येतो, आणि बेबीताईंचं काम करणारी बाई प्रेक्षकांकडे पाठ करून वही कुठंतरी ठेवते. कुठं, ते प्रेक्षकांना दिसत नाही. दीड तासात एकदाही दिसत नाही. नवऱ्याच्या वाट्याला चार-पाच वाक्यं आहेत आणि त्यातही तो दिवसाची विक्री किती झाली तेच विचारतो. त्याला राक्षस करायचं नाही, असं या बायकांनी स्वतः ठरवलं. इतकी राखणी करणाऱ्या नाटकाला ‘चव्हाट्यावर आणणं’ म्हणणं हा अन्याय आहे.

दुसऱ्या आक्षेपाकडे मी अधिक गंभीरपणे पाहतो, कारण त्यामागची भीती खरी आहे. दलित बाईच्या जगण्यातली जात पुसून टाकायची आणि तिला ‘सोशिक भारतीय नारी’च्या रांगेत बसवायचं, हे आपल्याकडे अनेकदा झालं आहे. बेबीताईंच्या नावानं तसलं नाटक कोणी केलं असतं तर विरोध करणाऱ्यांत मी पुढं असतो. पण या नाटकात तसं झालेलं नाही. त्यातलं दुकान जातीनंच घडवलेलं दुकान आहे. बेबीताई आणि त्यांच्या यजमानांनी सुरुवातीला द्राक्षं विकली, मग भाजीपाला, मग किराणा. गिऱ्हाईक बहुतेक वस्तीतलंच. नाटकात पहिल्याच प्रवेशात एक बाई विचारते, ‘पेठंतली माणसं घेत्याल का गं आपल्या हातची साखर?’ आणि त्यावर कोणी उत्तर देत नाही. तागडीत साखर पडते, पुडी बांधली जाते, पुढचं गिऱ्हाईक येतं. जातीवरचं भाषण नाटकात नाही, पण दुकान कुठं आहे आणि त्यात कोण येत नाही, हे प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत समजून घेतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका मराठा घरातल्या वयस्कर बाई त्या वाक्यानंतर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. हे भांडण नवरा-बायकोचं आहे, असं त्यांना वाटलं नाही.

शिवाय ‘घरातलं’ आणि ‘समाजाचं’ अशी वाटणी बेबीताईंनी स्वतः केलेली नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात, आजोळी, १९२९ साली त्यांचा जन्म झाला. त्या गावच्या महारवाड्याचं वर्णन करताना त्यांनी सवर्णांनी लादलेलं मेलेलं जिणं तर लिहिलंच, पण वाड्याच्या आत सुनांचं काय व्हायचं तेही लिहिलं. सासरहून पळून गेलेल्या पोरीच्या पायात लाकडी खोडा अडकवला जायचा, तो घेऊनच तिनं घरकाम करायचं, हे त्यांनी लिहिलं. संशयावरून सुनांची नाकं कापली जायची, हे लिहिलं. शिकून वर गेलेल्या आणि वस्तीकडे पाठ फिरवलेल्या आपल्याच माणसांनाही त्यांनी सोडलं नाही. ज्या बाईनं आपल्या समाजाच्या घराघरातली दारं उघडून आत काय आहे ते मांडलं, तिच्या स्वतःच्या घराचं दार तेवढं लावून घ्या, असं आज आम्हाला सांगितलं जातं. समाजाची बदनामी होईल ही काळजी त्यांना नव्हती. त्यांना समाज सुधारायचा होता.

आंबेडकरी चळवळीशी या नाटकाचा विरोध आहे, असाही सूर त्या लेखात आहे. हा सूर ऐकून मला राग आला, आणि तो लपवण्याचं कारण नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि बाबासाहेबांनी तिथं जमलेल्या हजारो बायकांना सांगितलं की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याशी मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्यानं वागावं, त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. बेबीताईंनी लहानपणी बाबासाहेबांचं भाषण जेजुरीला ऐकलं, आणि मुलं शिकवा हा त्यांचा शब्द आयुष्यभर धरून ठेवला. पुढं फलटणजवळ निंबुरे इथं त्यांनी मागास मुलांसाठी आश्रमशाळा काढली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केलं, तेव्हा चळवळीतल्या कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बोलल्या. बाबासाहेबांनी नागपूरला जे सांगितलं ते घरात पोचायला किती काळ लागला, हे तपासणं चळवळीच्या विरोधात कसं जातं? हे नाटक ते काम करतं. नाटकातली बाई लपून लिहिते, तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. नवरा घरात आला की तोही आधी त्याच तसबिरीला हात जोडतो. बायकांनी हा प्रवेश मुद्दाम ठेवला, आणि या नाटकातला तो सगळ्यांत धाडसाचा क्षण आहे.

आता ज्या प्रवेशावर सर्वाधिक टीका झाली त्याबद्दल बोलतो. अभ्यासकांनी लिहिलं आहे की मधला अर्धा तास ‘काही घडत नाही’. घडतं ते असं. दुपारची वेळ. बाई दुकानात एकटी. ती उधारीच्या वहीखालून दुसरी वही काढते. दोन्ही वह्या सारख्याच दिसतात. ही कल्पना या बायकांची, ती पुस्तकात शोधू नये. ती पेन्सिल उचलते, ‘वीरगाव’ एवढा एक शब्द लिहिते. मूल येतं, ‘काकू, चार आण्याचं गोडंतेल.’ ती उठते, तेल मापते, बाटली पुसते, पैसे गल्ल्यात टाकते, परत बसते. दुसरा शब्द. शेजारीण येते, उधारीची विचारणा करते, बसते, सासूचं गाऱ्हाणं सांगते. बाईचा हात वहीवर तसाच. शेजारीण गेल्यावर ती अर्धं वाक्य लिहिते. पाळण्यातलं मूल रडतं. ती मुलाला मांडीवर घेते आणि डाव्या हातानं थोपटत लिहायला बघते. परत गिऱ्हाईक. परत तागडी. अर्ध्या तासात रंगमंचावर लिहून होतात त्या दोन ओळी, आणि त्या ती आपल्याला मोठ्यानं वाचूनही दाखवत नाही.

पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हा अर्धा तास लांबतो, हे मी मान्य करतो. त्या गावच्या प्रेक्षकांत मात्र त्या अर्ध्या तासात एक हालचाल सुरू झाली होती. चौथं गिऱ्हाईक आलं तेव्हा मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, ‘आरं जरा थांबा की, लिव्हू द्या तिला!’ आणि सगळ्या शाळेच्या पटांगणात टाळ्या पडल्या. नाट्यशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणत असतील ते म्हणोत. ज्या बाईनं आयुष्यात एक पानही लिहिलं नसेल, ती दुसऱ्या बाईला लिहायला वेळ मिळावा म्हणून ओरडते, यापेक्षा मोठी गोष्ट कोणत्या रंगमंचावर घडते, ते मला दाखवावं. लिखाण म्हणजे स्फुरण, एकांत, टेबलावरचा दिवा, खिडकीतला पाऊस, अशी जी चित्रं आपण वर्षानुवर्षं पाहत आलो, त्यांत हा अर्धा तास बसत नाही, म्हणूनच तो लांबला पाहिजे. तो कापून दहा मिनिटांचा केला तर बेबीताईंची वीस वर्षं खोटी ठरतील. त्यांच्या पोटी १० लेकरं झाली आणि त्यांतली ३ लहानपणीच गेली. दुकान चालवायचं, लेकरं वाढवायची, आणि मधल्या फटीत ओळ लिहायची.

त्या वाचायला कशा लागल्या तेही नाटकात आहे, आणि तो भाग मला सगळ्यांत आवडतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेराव्या वर्षी लग्न. पुढं वाचन आलं ते दुकानात पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून. वर्तमानपत्राच्या तुकड्यावरची बातमी अर्धीच असायची, उरलेली कुणाच्या तरी घरी गुळाच्या पुडीभोवती गेलेली असायची. मग त्या वाचनालयात नाव घालून पुस्तकं वाचू लागल्या. पुडी बांधताना कागद उलटून वाचणं, गिऱ्हाईक खोळंबलं तरी ओळ पुरी करणं, हे त्या कलाकार बाईनं असं केलं की ते अभिनय वाटलंच नाही. ती स्वतः किराणा दुकान चालवते.

‘अस्सल प्रतिभा थांबत नाही’ हा तिसरा आक्षेप सगळ्यांत घातक आहे. तो कौतुकाच्या आवाजात येतो, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. बहिणाबाई चौधरींचं नाव त्यात हमखास घेतलं जातं. आसोद्याची लेक, जळगावची सून, निरक्षर, जात्यावर आणि शेतात ओव्या रचणारी. बघा, तिला कुठं वही लागली! बहिणाबाईंना वही लागली नाही असं म्हणणारे हे विसरतात की त्यांच्या कविता आज आपल्या हाती आहेत त्या वहीमुळेच. ती वही लेक सोपानदेव आणि आप्तांपैकी पीतांबर चौधरी यांनी लिहून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. आपलं पुस्तक पाहायला त्या नव्हत्या. घरात लिहिणारा लेक नसता, तो कवी नसता, त्याची अत्र्यांपर्यंत पोच नसती, तर आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई कोण, हे आपल्याला माहीत नसतं. जे लिहून ठेवलं गेलं नाही त्याचं काय झालं, हे तर कोणालाच सांगता येणार नाही.

आणि जिच्या घरात सोपानदेव नव्हता तिचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा करून नोंदवल्या. गाणाऱ्या बायकांची नावं, गावं टिपून घेतली. दोन माणसांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्यातली वर्षं घातली तेव्हा ते शक्य झालं, आणि तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या येऊन जाती कोपऱ्यात गेली होती. प्रतिभा या बायकांत ओतप्रोत होती. ती ‘थांबली नाही’ म्हणून आपोआप ग्रंथालयात जाऊन बसली, असं घडलेलं नाही.

अजून दोन नावं घेतो. मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी, सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेली. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये आला. त्या वयातल्या मुलीनं धर्माला आणि सत्तेला विचारलेले प्रश्न आजही अंगावर येतात. त्यानंतर तिनं लिहिलेलं काही आपल्याकडे नाही. दुसऱ्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघालं, ५०० प्रती. लोक तुटून पडले. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक निघालं नाही, आणि हे पहिलंही विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं तेव्हा मराठी वाचकाला ताराबाई परत भेटल्या. ज्या बाईच्या लेखणीची धार अशी होती, तिची लेखणी थांबली. अस्सल प्रतिभा थांबत नाही असं कोणी म्हणालं की मी या दोघींची नावं घेतो. ज्यांची वही सापडली त्यांच्यावरून आपण नियम काढतो आणि ज्यांची जळाली, रद्दीत गेली, किंवा कधी विकतच घेतली गेली नाही, त्यांची गणती करत नाही.

शांताबाई कांबळे यांचं उदाहरण मी याच ठिकाणी ठेवीन. सांगोल्याजवळच्या महूदच्या. शिक्षिका झाल्या, नोकरी पुरी केली, आणि निवृत्तीनंतर ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहायला बसल्या. पगार, पेन्शन, रिकामी दुपार या गोष्टी लेखनात किती उतरतात, ते शांताबाई आणि बेबीताई यांची आयुष्यं शेजारी ठेवली की समजतं. दोघींची पुस्तकं १९८६ सालचीच. पण एकीला निवृत्तीनंतर उघड लिहिता आलं, दुसरीनं वीस वर्षं लपवलं. आणि बंगालमध्ये रासुंदरी देवी या मोठ्या घरच्या सुनेनं पोथीचं एक पान सोडवून घेतलं, मुलाच्या लिहिण्याच्या ताडपत्राशी ताडून पाहत अक्षरं ओळखली, तेही स्वयंपाकघरात लपूनछपून. त्यांचं आत्मचरित्र हे बंगालीतलं पहिलं मानलं जातं. तिथं पैसा होता, जात वरची होती, तरी अक्षर चोरावं लागलं. बेबीताईंना अक्षर शाळेनं दिलं, तेही महारांच्या मुलींना वेगळं बसवून, आणि पुढचं सगळं त्यांनी चोरलेल्या वेळातून मिळवलं.

चौथा शेरा, हे नाटक म्हणून उभं राहत नाही, त्यावर फार बोलण्याची गरज नाही. प्रकाशयोजना कच्ची आहे, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, एक पात्र वाक्य विसरलं. ठीक आहे, सुधारेल. पण ‘नाटक’ कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. जोश्यानं लुबाडलेलं कुणबी जोडपं शेवटी फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला निघतं, अशी त्याची गोष्ट. कमिटीनं ते नाकारलं. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे गावोगाव झाले, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी माणसं उभी केली, आणि त्यांनाही बराच काळ ‘नाटक’ म्हणून कोणी मोजलं नाही. त्या जलशांत बायकांची कामंही पुरुषच करायचे. इथं बाईचं काम बाई करते आणि नवऱ्याचंही बाईच करते. आणि आत्मकथन रंगमंचावर येतं तेव्हा ते कमी होत नाही, हे सुषमा देशपांडे यांनी ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’चं नाटक करून कधीच दाखवून दिलं आहे. ते व्यावसायिक ताकदीचं होतं, हे गावचं आहे, एवढाच फरक. गावच्या बायकांनी गावात, गावच्या भाषेत करावं, यातच त्याचं बळ आहे. प्रशिक्षित नटीकडे हे काम सोपवा, ही सूचना मला पटत नाही. तिला तो प्रयोग जरूर करू द्या, पण यांचा थांबवून नको.

एका मुद्द्यावर मात्र मी त्या अभ्यासकांच्या बाजूनं आहे, आणि तो त्यांनी जेमतेम दोन ओळींत सांगितला. नाटकाच्या शेवटी मॅक्सिन बर्नसन येतात. फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आलेल्या, पुढं फलटणच्याच झालेल्या आणि तिथं शिक्षणाचं मोठं काम केलेल्या या बाईंना बेबीताईंच्या लेखनाचा पत्ता लागला आणि त्यांनी ते प्रसिद्ध व्हावं म्हणून पाठपुरावा केला. हा ऋणनिर्देश योग्यच आहे. पण नाटकात त्या आल्या की संगीत वाढतं, सगळा उजेड त्यांच्यावर पडतो, आणि असं वाटतं की बेबीताईंची सुटका झाली. वस्तुतः त्या आल्या तेव्हा पुस्तक लिहून झालेलं होतं. शेवटचा उजेड वहीवर पडावा, असं मी त्या बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू. बसून, वाद घालून त्या ठरवतील, आणि ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे.

कारण हे नाटक करताना त्यांनी स्वतःही लिहिलं. संहिता कोणी शहरातून आणून दिली नाही. बचतगटाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर, पोरांच्या जुन्या वह्यांत, मोबाइलवर बोलून, असे तुकडे तुकडे जमले. दोघींनी ते घरी सांगितलं नव्हतं. आरतीला जाते असं घरी सांगून एक बाई तालमीला येत होती. ‘आता काळ बदलला, आता कोण लपवतं?’ असं त्या लेखात विचारलं आहे. त्याचं उत्तर त्या गावात आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ते जाऊन ऐकायला हवं.

महाराष्ट्रात शासनाच्या अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालयं ११ हजारांहून जास्त आहेत. त्यांतली गावोगावची कितीतरी संध्याकाळी उघडतात, बायका चुलीपाशी असतात त्या वेळी. या नाटकाला विरोध करण्यात जी शक्ती जाते ती त्या ग्रंथालयांची वेळ दुपारी एक ते चार करून घेण्यात घालवावी. तिथं ‘जिणं आमुचं’च्या पाच प्रती ठेवाव्यात, आणि कोऱ्या वह्या ठेवाव्यात. ज्या गावच्या बायका हे नाटक मागतील त्यांना ग्रामपंचायतीनं समाजमंदिर द्यावं आणि रात्री नऊला कुलूप लावायची घाई करू नये. माझी अभ्यासकांना विनंती आहे की पुढच्या प्रयोगाला त्यांनी यावं, मागं बायकांत बसावं, आणि त्या दुपारच्या प्रवेशात पाचवं गिऱ्हाईक येईल तेव्हा आजूबाजूच्या बायका काय म्हणतात ते लिहून घ्यावं.